शरयूची कॉइल

“दिवे घालवा!” मी ओरडले आणि हॉलमध्ये काळोख झाला.

बाहेर टळटळीत दुपार होती. खिडक्यांना आम्ही काळी कापडं ठोकली होती, पंखेही बंद केले होते. घामानं जीव नकोसा झाला होता.

“कुंदाताई, त्यांना स्टूल मागं घ्यायला सांगा. अंधारात डोकं आपटेल कॉइलवर,” डावीकडून शरयू म्हणाली.

“अप्पा, स्टूल मागं घ्या.”

“बाईंना सांगा,” उजवीकडून अप्पा म्हणाले, “ही कॉइल मी बांधलीय. तिच्याजवळ कसं बसायचं ते मला कळतं.”

“शरयू, अप्पा म्हणतात...”

“ऐकलं मी.”

ऐकलं होतं तर मला कशाला मध्ये घालता रे बाबांनो, असं ठणकावून सांगावंसं मला रोज वाटायचं. हा बाप, ही त्याची एकुलती एक लेक, आणि दोघांच्या मध्ये मी. अबोला धरलेल्या घरात माणसं भिंतीकडे तोंड करून बोलतात ना, तशी त्यांची भिंत मी झाले होते.

शरयू नाझरे आमच्या संस्थेतली शास्त्रज्ञ. मिरजेच्या पुढं माळावर आमची लहानशी संस्था होती, पण घास मोठा घेतला होता. सूर्याच्या पोटात जी आग चालते ती इथं पेटवून तिच्यावर वीज करायची. त्यासाठी वायू इतका तापवायचा की त्याचा प्लाझ्मा होतो. आता असला प्लाझ्मा ठेवायचा कशात? भांड्याला टेकला की तो थंड पडतो आणि भांड्याचीही वाट लावतो. म्हणून त्याला चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरायचं. मेदूवड्याच्या आकाराची एक पोकळ पोलादी कडी करायची आणि तिच्याभोवती पीळ देत तांब्याची जाड कॉइल फिरवायची. या कॉइलचा आकार जसा असेल तसा प्लाझ्मा टिकतो किंवा टिकत नाही. सगळीकडे सारखा पीळ दिला तर बांधायला सोपं, पण तापलेले कण हळूहळू निसटून जातात. शरयूनं जपानात राहून नवा आकार काढला होता. कडीच्या आतल्या अंगाला कॉइल आवळत न्यायची, बाहेरच्या अंगाला सैल सोडायची. कण निसटणार नाहीत, असं तिचं गणित सांगत होतं.

आमचं छोटं यंत्र म्हणजे त्या आकाराची परीक्षा होती. पुढच्याच आठवड्यात दिल्लीहून समिती यायची होती. आकार खरा ठरला तर देशाचं मोठं यंत्र शरयूच्या आकाराचं होणार होतं. खोटा ठरला तर ते सारख्या पिळाचं होणार आणि आमच्या हॉलला कुलूप लागणार. तिची उमेदीची सगळी वर्षं त्या आकारात गेली होती. लग्न नाही, घर नाही, काही नाही.

आणि अप्पा. बाळकृष्ण नाझरे. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात उभी हयात कॉइली गुंडाळण्यात गेलेली. नोकरीच्या शेवटी शेवटी तिथं एक ट्रान्सफॉर्मर जळला, एक माणूस भाजला. दोष वळणात नव्हता, तेलात होता, असं मागून सगळेच म्हणायला लागले. म्हणून काय उपयोग? चौकशीत नाव अप्पांचं लागलं. निरोपाचा हारही न घालून घेता ते घरी येऊन बसले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शरयूच्या आईनं अंथरूण धरलं. शरयू तेव्हा जपानात, गणिताच्या ऐन घाईत. आई फोनवर म्हणायची, येऊन जा गं. ही म्हणायची, एवढं संपलं की निघतेच. आली ती दहाव्याला. अप्पा दारातच म्हणाले, “आता कशाला आलात बाई?” पोटच्या पोरीला अहो-जाहो केलं, आणि ते शेवटचं. तिथून पुढं तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

जाड तांबं असं वेडंवाकडं वाकवून देणारा माणूस आम्हाला मिळेना, तेव्हा शरयूच मला म्हणाली, “अप्पांना विचाराल? मी सांगितलं असं नका सांगू.” मी सांगलीला गेले. अप्पांनी ड्रॉइंग बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “येतो. कामाला येतो. कुणाच्या घरी नाही येणार.”

काम मात्र असं केलं की बघत राहावं. दुधानं तोंड पोळलेला माणूस तो, ताकसुद्धा फुंकून पीत होता. तांब्याचा एकेक दांडा भाजून मऊ करायचा, यंत्रात धरून वाकवायचा, मापायचा, मनासारखा झाला नाही तर बाजूला टाकून दुसरा घ्यायचा. मग दांडे कडीभोवती बसवून जोडायचे, वर काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळायची आणि राळ ओतून भट्टीसारखं तापवायचं. एकदा राळ घट्ट झाली की कॉइल हलवायची सोय नाही. म्हणून काम सुरू करायच्या आधी अप्पांनी मला शरयूकडं पाठवलं होतं. “बाईंना विचारा, ड्रॉइंगवरचा आकार तंतोतंत पाहिजे ना? का थोडं इकडंतिकडं चालेल?”

शरयू कागदातून मान वर न काढता म्हणाली, “त्यांना सांगा, तंतोतंत. केसभरही इकडंतिकडं नको.”

मी जसंच्या तसं जाऊन सांगितलं.

तर त्या दुपारी त्या कॉइलची पहिली परीक्षा होती. ती घ्यायचं काम माझं. कडीतली हवा काढून टाकायची, कॉइलमधून थोडा प्रवाह सोडायचा आणि आत इलेक्ट्रॉनांची बारीक धार सोडायची. धार चुंबकाच्या वाटेनं गोल गोल फिरत राहते. मध्ये चमकत्या लेपाची काडी धरली की धार लागेल तिथं हिरवा ठिपका उमटतो. खूप फेऱ्या झाल्या की ठिपक्यांचं कडं दिसतं. आकार बरोबर असेल तर कड्यात कडं येत जातं, आडव्या कापलेल्या कांद्यासारखं. कडं तुटलं तर समजायचं, तिथून प्लाझ्मा गळणार.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिलं कडं आलं. लहान, गोल, अखंड. शरयूनं माझा दंड घट्ट धरला. दुसरं आलं, तेही छान. अप्पा स्टुलावरून उठून पडद्याशी आलेले मला त्यांच्या श्वासावरून कळले. मग मी धार बाहेरच्या अंगाला नेली, आणि कडं फुटलं. ठिपक्यांचे पुंजके झाले, घेवड्याच्या दाण्यांसारखे, मध्ये मोकळी जागा. त्याच्या बाहेर तर नुसता सडा.

“पुन्हा,” शरयू म्हणाली.

पुन्हा तेच आलं. मी प्रवाह कमीजास्त करून पाहिला, धारेची जागा बदलली. दाणे काही जाईनात.

“दिवे लावा,” मी म्हटलं.

उजेडात कुणी कुणाकडं बघेना. अप्पांनीच घसा खाकरला. “बाईंना विचारा, हे वाईट आहे का?”

शरयू बाहेर निघून गेली. मी म्हटलं, “वाईट आहे अप्पा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉइल पहिल्यापासून मापली. वरून, खालून, आतून. काय बाई सांगू, ड्रॉइंगशी अशी जुळत होती की मापणाऱ्या पोरांनी तोंडात बोटं घातली. म्हणजे बांधण्यात चूक नाही. मग उरलं काय? शरयूचं गणित. ती आपल्या खोलीत दार लावून बसली होती, मापं तिनं अजून बघितलीही नव्हती.

मी चहा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. अप्पा वाकवण्याच्या यंत्रावर फडकं मारत होते. त्यांना म्हटलं, “तुमच्या कामात खोट नाही अप्पा. तंतोतंत जुळतंय.”

“जुळणारच,” ते म्हणाले. बरेच दिवसांनी तो माणूस हसला. “तांब्याची खोड मला ठाऊक आहे की. यंत्रातून सोडलं की ते थोडं उलगडतं, परत फिरतं. नवखा माणूस ड्रॉइंगला लावून वाकवतो, आणि सोडल्यावर बघतो तर सैल. मी ड्रॉइंगपेक्षा जास्त आवळत होतो, असं की सोडल्यावर बरोब्बर ड्रॉइंगवर येऊन बसावं. सगळे दांडे तसे केले.” मग फडकं झटकत, माझ्याकडं न बघता म्हणाले, “तिचा आकार होता ना. बिघडून चालला नसता.”

मी चहा तिथंच ठेवला आणि शरयूकडं गेले. मला वाटलं, निदान एवढं तरी तिला बरं वाटेल. बाप आपल्यासाठी किती मरमर मेला हे लेकीला कळू दे.

“अगं, सोडल्यावर बरोबर बसावी म्हणून आधीच जास्त आवळत होते ते,” मी म्हटलं.

शरयूनं हातातलं पेन खाली ठेवलं. “काय म्हणालात? सोडल्यावर?”

“हो. तांबं उलगडतं म्हणून...”

“ते मी धरलं होतं, कुंदाताई.” ती म्हणाली. “ड्रॉइंगमध्येच धरलं होतं. ते ड्रॉइंग यंत्रात धरायच्या आकाराचं आहे. तेवढंच वाकवायचं, सोडलं की उलगडून माझा आकार येणार. लहानपणी अप्पांच्या मांडीवर बसून तारेचे वळसे करायची मी. तांबं सोडलं की परत फिरतं, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलंय का?”

तिनं तिकडं आधीच आवळून ठेवलं होतं. त्यांनी इकडं त्याहून आवळलं. बापाची शिकवण लेकीनं कागदावर उतरवली आणि लेकीची काळजी बापानं तांब्यात उतरवली. एकाच गोष्टीची काळजी दोघांनी दोनदा घेतली आणि कॉइल गरजेपेक्षा जास्त आवळली गेली.

शरयूनं त्याच बैठकीत आकडे बदलले, अप्पांची कॉइल प्रत्यक्षात जशी होती तशी संगणकात घातली आणि नव्यानं हिशोब लावला. संध्याकाळी पडद्यावर चित्र आलं. आत दोन छान कडी, बाहेर घेवड्याचे दाणे. हुबेहूब आमच्या परीक्षेत आले होते तसे, तेवढेच, त्याच जागी.

मी अक्षरशः टाळी वाजवली. “अगं बाई! म्हणजे तुझं गणित खरं आहे! कॉइल अशी असेल तर असंच व्हायला पाहिजे, आणि झालं. तुझा आकार बांधलाच गेला नाही अजून. समितीला हे दाखव. म्हणावं, ड्रॉइंगवर एक ओळ लिहायची राहिली, दोघांचा गैरसमज झाला, आम्हाला कॉइल पुन्हा बांधू द्या.”

ती पडद्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “नाही.”

“नाही म्हणजे?”

“समिती लिहील, वळणात चूक. खाली अप्पांचं नाव. पुन्हा.”

“त्यांचं एकट्याचं कशाला? तुझंही लिहितील. कुणी काही फाशी देत नाही!”

“नावाचं सोडा हो. अप्पांना कळेल ना.” तिनं माझा हात धरला. “कुंदाताई, ते माझ्याशी बोलत असते तर पहिल्याच दिवशी म्हणाले असते, अगं, तांबं परत फिरतं, तू धरलंयस का? मी म्हटलं असतं, धरलंय. संपलं. एका वाक्याचं काम होतं. आपण बोललो नाही म्हणून पोरीचं आयुष्यभराचं काम फसलं, हे त्यांना कळेल. मी आले असते तर आई भेटली असती, हे मी रोज उठून गिळते. ते काय असतं ते मला माहीत आहे. त्यांना मी ते देणार नाही.”

“आणि तुझा आकार?”

तिनं पडद्यावरचं चित्र बंद केलं.

मी भांडले तिच्याशी. रागानं वाट्टेल ते बोलले. म्हटलं, विज्ञानात खोटं बोलायचं पाप करतेस. म्हटलं, अप्पा काही कुक्कुलं बाळ नाहीत. पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिनं मला तिच्या आईची शपथ घातली, कुणाजवळ बोलणार नाही म्हणून. आईची शपथ, तिच्या! मी काय बोलणार?

समिती आली. संचालकांच्या सभागृहात टेबलाभोवती मोठी मंडळी बसली. अप्पा मागच्या भिंतीशी खुर्ची घेऊन बसले होते, धुतलेला पांढरा सदरा घालून. गुडघ्यांवर ठेवलेली त्यांची बोटं सारखी हलत होती. त्यांच्या डोक्यात जुनी चौकशी चालली असणार, हे मला दिसत होतं.

अध्यक्षांनी ठिपक्यांचा फोटो पाहिला आणि विचारलं, “कॉइल बांधण्यात काही दोष राहिलाय का?”

“नाही सर,” शरयू म्हणाली. “मापं तुमच्यासमोर आहेत. कॉइल ड्रॉइंगशी तंतोतंत जुळते. इतकं चोख काम मी कुठंही पाहिलेलं नाही.”

“मग?”

“आकार चुकला. गणित माझं होतं.”

“म्हणजे पुढच्या यंत्रासाठी हा आकार सोडून द्यावा, असं तुमचं स्वतःचं मत?”

बोल गं, अजून वेळ आहे, मी मनात म्हणत होते.

“हो सर,” शरयू म्हणाली. “सोडून द्यावा.”

त्यांनी तसं लिहून घेतलं. कागद आवरले, चहा झाला, गाड्या गेल्या. बघता बघता सगळं आटोपलं. तिच्या हातानं तिचं सगळं संपलं, आणि शिपाई कपबशा गोळा करत होता.

शरयू टेबलाशी तशीच बसून होती. मी तिच्याकडं जाणार तोच अप्पा उठले. सभागृह ओलांडून तिच्यासमोर गेले. मला वाटलं, आता मला हाक मारतील. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

“शरू,” ते म्हणाले.

तिनं मान वर केली. त्या हाकेला ती किती वर्षं थांबली होती ते तिच्या तोंडावर दिसलं मला.

“रडू नको. गणितच आहे ते, चुकतं माणसाचं. त्यात काय एवढं?” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मी उगाच अंगात वारं भरल्यासारखा वागलो गं. तुझी आई असती तर मला झोडपलं असतं तिनं. चल घरी.”

शरयू त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून अशी रडली की मला बघवेना. ती गणितासाठी रडतेय, असंच अप्पांना वाटलं. ते तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

“माझी कॉइल तरी चोख होती ना?” त्यांनी मध्येच विचारलं, लहान मुलानं विचारावं तसं.

“चोख होती अप्पा.”

“मग झालं तर! तू नवा आकार काढ. मी आहे अजून धडधाकट. वाकवून देतो.”

“काढते,” ती म्हणाली.

ते दोघं पायऱ्या उतरून बोलत बोलत गेले. आत मी एकटी होते. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा. पण मी त्या रिकाम्या सभागृहात उभी राहून संतापले होते. कुणावर, ते मला आजही सांगता येत नाही.

हॉल बंद झाला. यंत्र सुटं करून तांबं मोडीत काढलं. शरयू सांगलीला कॉलेजात शिकवायला लागली आणि अप्पांजवळ राहिली. मी अधूनमधून जायची. घरी कुणी पाहुणा आला की अप्पा सांगायचे, “हिचं गणित चुकलं, पण माझी कॉइल केसभर चुकली नव्हती हां. समितीनं लिहून घेतलंय.” पाहुणे हसायचे. शरयू पोह्यांच्या बशा पुढं करत म्हणायची, “खरं आहे.” तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी खाली बघून पोहे गिळायची.

अप्पा आता नाहीत, म्हणून बोलतेय. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात शरयू रात्रंदिवस उशाशी होती. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी तिचा हात धरला होता. मला बघून म्हणाले, “कुंदाताई, पोरगी अजून नवा आकार काढत नाही बघा. पहिला चुकला म्हणून भ्याली ती. तुम्ही तरी समजावा.”

मी शरयूकडं पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी.

“समजावते अप्पा,” मी म्हटलं.